मावशीच्या शेडमधला विषाणू

मावशीचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, प्रयोगशाळेतल्या टेबलाशी बसून अंड्यांना छिद्रं पाडत होते.

"काय करून राह्यली वं?" तिने विचारलं.

"अंडे फोडून राह्यली, मावशी."

"फोड बाई. माह्याइथं तं फोडाचीबी गरज नाई. हातात घेतले का फुटते."

मी हसले. ती हसली नाही. तेव्हा मी हातातली सुई खाली ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन नीट ऐकू लागले.

अंड्यांचं टरफल कागदासारखं झालंय, म्हणाली. काही वाकडी, काहींवर सुरकुत्या, आणि फोडलं तर पांढरं पाण्यासारखं पसरतं. कोंबड्या शिंकतात. शेडमधली गडबड जरा शांत झाली की सगळीकडून गळ्यांची घरघर ऐकू येते. रोज एखाद-दुसरी मेलेली सापडते. "मानमोडी म्हणाव तं मान वाकडी नाई होऊन राह्यली. लोकं म्हणते, टीव्हीवरचा रोग आला."

टीव्हीवरचा रोग म्हणजे बर्ड फ्लू. त्या हिवाळ्याच्या शेवटी तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला सापडला होता. पांढरे सूट घातलेली माणसं कोंबड्या पोत्यांत भरताना दिवसभर टीव्हीवर दिसत होती. चिकनची दुकानं ओस पडली होती. आमच्या मेसमध्ये अंडाकरीच्या दिवशी मुली नुसती डाळ वाढून घ्यायच्या.

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. केळापूरजवळच्या खेड्यात राहायची. आमचं घर तिथून जवळ, पांढरकवड्यात. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आई अंगणवाडीत. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की मी मावशीकडे. मावसाजी राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशीच घरी यायचे, त्यामुळे शेत, बैल, मजूर, बाजार सगळं मावशीच बघायची. आवाज मोठा, चाल भरभर. तिच्या बरोबर शेतात जायचं म्हणजे मला पळावंच लागायचं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बियाणं महाग, बोंडांत अळी, आणि एवढं करून वेचणी झाली की भाव खाली. पत्रकारांच्या, बाहेरगावच्या नंबरच्या गाड्या पांढरकवड्यात फिरायच्या, त्यातून उतरलेली माणसं चहाच्या टपरीवर विचारायची, इथे जवळपास कुणा शेतकऱ्याने जीव दिलाय का? मावशीच्या खेड्यातही एकदा अशी गाडी येऊन गेली. त्याच उन्हाळ्यात तिने मावसाजींना सांगितलं, आता मी अर्ध्या वावरात पऱ्हाटी लावणार नाही. मग रस्त्याकडच्या तुकड्यावर शेड उभी राहिली. वर टिनाचे पत्रे, खाली भाताचं तूस पसरलेलं, आणि त्यावर फिरणाऱ्या, अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या. गावातल्या बायका बघायला आल्या. कोणी म्हणालं, टिकत नाही असला धंदा. दोन वर्षं तो चांगला टिकला. तिचं बघून गावात आणखी दोन-तीन घरांनी शेड टाकल्या.

त्या फोनच्या वेळी मी पशुवैद्यकीच्या पुढच्या शिक्षणाला होते आणि माझा विषय नेमका कोंबड्यांचाच एक विषाणू होता. संसर्गजन्य ब्रॉन्कायटिसचा. तो कोरोना विषाणूंच्या कुळातला. तेव्हा हा शब्द आमच्या लॅबबाहेर फारसा कुणाला माहीत नव्हता. चीनकडून आलेल्या सार्सच्या बातम्यांत वाचलेला काहींना आठवायचा, एवढंच. त्यातही माझ्या वाट्याला आली होती ती त्याची सहायक जनुकं.

बाबांना हे समजावताना माझी दमछाक झाली होती. विषाणूची काही जनुकं त्याला लागतातच. एक स्वतःच्या प्रती काढायला, एक अंगावरचे काटे बनवायला, एक-दोन वेष्टणाला, आणि एक आतली लांबलचक दोरी गुंडाळून ठेवायला. ही कुठल्याही कोरोना विषाणूत सापडतात, क्रमसुद्धा तोच. पण त्यांच्या मधल्या जागांत लहान लहान जनुकं बसलेली असतात आणि ती प्रत्येकाची वेगळी. मांजरीच्या विषाणूत वेगळी, डुकराच्यात वेगळी, कोंबडीच्यात वेगळी. त्यातलं एखादं काढून टाकलं तरी विषाणू अंड्यात किंवा काचेच्या बशीत मजेत वाढतो. म्हणून त्यांना सहायक म्हणायचं. जिवंत प्राण्यात मात्र तोच विषाणू बऱ्याचदा ढिला पडतो. या जनुकांपासून जी छोटी प्रथिनं बनतात, त्यांतली काही प्राण्याच्या शरीराने धोक्याची हाक मारायच्या आतच तिचा गळा दाबत असावीत, असा तेव्हा संशय होता. खात्री कमी होती. म्हणूनच त्यावर काम करायचं होतं.

"म्हणजे जास्तीचे जीन," बाबा म्हणाले होते. "तुले चांगले वाले नाई भेटले?"

मला मिळाले नव्हते हे खरंच होतं. काट्याचं जनुक माझ्या सीनियरकडे होतं. मोठमोठे लेख त्याच्यावरच यायचे. माझ्या मार्गदर्शक मॅडम मला म्हणाल्या होत्या, "लहान आहेत म्हणून तोंड पाडू नकोस. यांच्याकडे कुणी नीट पाहिलेलं नाही, हे तुझ्या फायद्याचं आहे."

मावशीचा फोन ठेवल्यावर मी त्यांच्याचकडे गेले. वाकडी अंडी, पाण्यासारखं पांढरं, घरघर. आमच्या विषाणूच्या खुणा पुस्तकात याच क्रमाने लिहिलेल्या असतात. पण मॅडमनी मान हलवली. "खुणांवर जाऊ नकोस. या दिवसांत तर नाहीच. आधी सरकारी डॉक्टरांना कळवायला सांग. बर्ड फ्लू नाही असा रिपोर्ट येईपर्यंत तू त्या शेडमधून काडीसुद्धा उचलायची नाहीस."

मावशीने कळवलं. तालुक्याचे पशुधन अधिकारी आले, नमुने घेऊन बाहेरच्या राज्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवले, आणि रिपोर्ट येईपर्यंत शेडमधून अंडं बाहेर न्यायचं नाही असं बजावून गेले. मी त्या शनिवारी पहाटेची एसटी धरली. हिंगणघाट, वडकी, मग आमचं पांढरकवडा. घरी पिशवी टाकली आणि बाबांच्या लुनावरून मावशीकडे गेले.

फाटकाला दोरी बांधलेली होती. मावशी ओसरीवर बसली होती. तिला दिवसा बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"आत नको येऊ," ती म्हणाली. "तुले काही झालं तं तुही आई मले सोडणार नाई."

"मी लांबूनच पाहते."

शेडच्या जाळीपासून चार हात दूर उभी राहून मी ऐकलं. ती घरघर मला माहीत होती. लॅबमध्ये आजारी पिल्लांच्या खोलीत ऐकलेली. पण तिथे पिल्लं आमची नव्हती. इथे त्या तांबड्या कोंबड्या तिने पिल्लं असल्यापासून वाढवलेल्या होत्या, थंडीत बल्ब लावून, पोत्यांचे पडदे करून. आता त्या पिसं फुगवून, चोच उघडी ठेवून बसल्या होत्या.

"लोकं काय म्हणून राह्यले सांगू?" मावशी मागून म्हणाली. "सरपंचाचा माणूस येऊन गेला. खड्डा खोदून ठेवा म्हणे. शेजारीण माह्या घरचं पाणी घेत नाई. कालपासून दूधवालाबी दुरूनच ओरडते."

"रिपोर्ट येऊ दे ना."

"आणि आला तं? तोच निघाला तं?"

तोच निघाला असता तर आसपासच्या सगळ्या गावांतल्या सगळ्या कोंबड्या गेल्या असत्या, परसातल्यासुद्धा. आणि मावशी, मावसाजी, मजूर, सगळ्यांना तपासत बसावं लागलं असतं. मी तिला एवढंच म्हटलं की मला तो वाटत नाही. मला खरंच तो वाटत नव्हता. बर्ड फ्लूने शेड अशी हळूहळू आजारी पडत नाही, एकदम रिकामी होते. पण वाटणं आणि ठाऊक असणं यांत जे अंतर असतं त्यात आम्ही सगळे तो आठवडा अडकलो होतो.

रिपोर्ट आला तेव्हा मी परत नागपुरात होते. बर्ड फ्लू नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत, तीही नाही. फोनवर मावशीने आधी हेच दोनदा सांगितलं. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेबानं माह्या घरचा चहा घेतला वं. ओसरीवर बसून घेतला. साऱ्या गल्लीनं पाह्यलं."

मला वाटलं, संपलं. माणसाला होणारा रोग नाही, कोंबड्या मारायच्या नाहीत. घरघर काही दिवसांनी थांबेल, अंडी थोडी कमी का होईना परत सुरू होतील. पण दोनच दिवसांनी बाबांचा फोन आला. बाबा कामाशिवाय फोन करायचे नाहीत.

"चाचानं दुकान बंद केलं," ते म्हणाले.

चाचा म्हणजे पांढरकवड्यातले कोंबड्यांच्या औषधांचे दुकानदार. बाबांचे जुने दोस्त. वर्कशॉपमध्ये त्यांचा भाऊ मेकॅनिक होता, त्याच्यामुळे ओळख झाली आणि पुढे ती भावापेक्षा घट्ट झाली. त्यांच्याकडे पिल्लं, खाद्य, लस सगळं मिळायचं. लस ते नुसती विकायचे नाहीत. स्वतः सायकलवरून गावोगाव जाऊन, कोंबडी काखेत धरून, तिच्या डोळ्यात थेंब टाकून यायचे. मावशीच्या शेडला पहिल्या दिवसापासून त्यांचाच हात होता. आणि कोंबड्या आजारी पडायच्या थोडं आधीच त्यांनी तिथे ब्रॉन्कायटिसच्या लशीचा पुढचा डोस दिला होता.

"गावातले म्हणते, रोग बाटलीतूनच आला," बाबा म्हणाले. "जिवंत रोग बाटलीत भरून आणला आन् डोळ्यात टाकला. आता बर्ड फ्लू नाई निघाला म्हटल्यावर कोणावर तरी यायलेच पाह्यजे ना. आन् बोलणारे नुसते औषधावर थांबून नाई राह्यले."

चाचा मुसलमान होते, शेवटच्या वाक्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती. दोघांनाही कळत होतं.

"मावशी काय म्हणते?"

"तीबी काही बोलत नाई. तो तिच्या घरी गेलता, तं ती बाहेर नाई आली."

मग ते म्हणाले, "मी गेलतो त्याच्याकडं. शटर खाली. आत एकटाच बसून. जेवला का विचारलं तं हो म्हणे, पण भाभी म्हणाली नाई जेवला."

त्या वर्षांत आमच्याकडे कुणी असं गप्प बसलं की बाकीची माणसं त्याच्यावर नजर ठेवायची. कशासाठी ते कुणी मोठ्याने म्हणायचं नाही. बाबा रोज ड्यूटी संपल्यावर चाचांच्या घरावरून जायला लागले.

अडचण अशी होती की गावातल्या लोकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ब्रॉन्कायटिसच्या लशीत खरोखरच जिवंत विषाणू असतो. अंड्यांत पुन्हा पुन्हा वाढवून, मवाळ करून घेतलेला. क्वचित तो शेडमध्ये एका कोंबडीकडून दुसरीकडे फिरत राहतो आणि त्याचा जोर परत वाढू शकतो. मी हे परीक्षेत लिहिलेलं होतं. म्हणून मला बाबांना ठासून सांगता येईना की चाचांचा दोष नाही.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दुकानदाराकडे त्याच लॉटची न फोडलेली बाटली असेल?"

"विचारते."

"असेल तर आण. आजारी कोंबड्यांच्या श्वासनळीतले नमुने आण. अधिकाऱ्यांना विचारून आण, आपण चोरून काही करायचं नाही. आणि एक लक्षात ठेव, उत्तर त्या माणसाच्या विरोधातही जाऊ शकतं. गेलं तर तेही सांगावं लागेल."

अधिकाऱ्यांनी आनंदाने हो म्हटलं. मी पुन्हा गेले, या वेळी हातमोजे, मास्क, बर्फाचा थर्मास घेऊन. मावशी कोंबड्या धरत होती, मी घशात कापसाची काडी फिरवत होते. तिने चाचांचं नाव काढलं नाही. मी काढलं.

"मले सांग," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी त्याले राखी बांधतो. माह्या शेडीत तोच आणून टाकन काय? मुद्दाम नाई म्हणत मी. पण चुकून? चुकून तं माणसाच्या हातून होतेच ना. मंग मी त्याले काय बोलू? काही नाई बोललं तं बरं, म्हणून नाई गेली बाहेर."

संध्याकाळी चाचांच्या घरी गेले. दार चाचींनी उघडलं. चाचा आतल्या खाटेवर होते, दाढी वाढलेली. मी बाटलीचं बोलले. ते उठले, फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून डबी काढली आणि माझ्या हातात दिली.

"ले जा बेटा," ते म्हणाले. "मीबी रोज हेच इचार करून राह्यलो. कंपनीची बाटली आहे, बर्फात आणली, बर्फात ठेवली. पण आत काय आहे हे मले थोडंच दिसते? तू पाह्य. जे असन ते मले पह्यले सांगजो. गावाच्या पह्यले."

मी कबूल केलं.

नागपुरात आधी अंड्यांत वाढवून बघितलं. नमुने टोचलेल्या अंड्यांतली पिल्लं, अंड्यातून अंड्यात नेण्याच्या काही खेपांनंतर, खुरटलेली, गोळा होऊन बसलेली निघाली. ही या विषाणूची ओळखीची खूण. म्हणजे रोग ब्रॉन्कायटिसचाच. आता प्रश्न एकच, कुणाचा? बाटलीतला की बाहेरचा?

काट्याचं जनुक तपासणारा सीनियर नेमका लग्नासाठी गावी गेला होता आणि त्याची रसायनं संपलेली होती. माझ्याकडे माझ्या सहायक जनुकांच्या भागांसाठी लागणारं सगळं तयार होतं. मॅडम म्हणाल्या, "तू तुझ्यापासून सुरुवात कर."

जेलीच्या पातळ वडीत विजेवर नमुने सोडायचे आणि दिव्याखाली ठेवायचे. जनुकाच्या तुकड्यांच्या नारिंगी पट्ट्या चमकतात. तुकडा जेवढा लहान, तेवढी पट्टी पुढे पळते. वेष्टणाच्या जनुकापासून दोरी गुंडाळणाऱ्या जनुकापर्यंतचा जो भाग असतो, आणि ज्यात माझी लहान जनुकं बसतात, तो मी दोन्हींतून काढला होता. बाटलीतल्या विषाणूची पट्टी तिच्या ठरलेल्या जागी होती. मावशीच्या कोंबड्यांची पुढे पळाली होती.

मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. पुन्हा केलं, दुसऱ्या कोंबड्यांचे नमुने घेतले. पुन्हा तेच. पट्टी पुढेच, आणि एकच. लशीचा विषाणू सोबत असता तर दोन दिसल्या असत्या. मावशीच्या शेडमधल्या विषाणूत त्या जागी एक तुकडाच नव्हता. एका सहायक जनुकाचं शेपूट तुटलेलं होतं.

मी धावत मॅडमच्या खोलीत गेले. "वेगळा आहे! लशीचा नाही!"

त्यांनी पट्ट्यांचा फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला. "वेगळा दिसतोय. पण लशीचा नाही असं कसं म्हणतेस? ही जनुकं सहायक आहेत. विषाणूला त्यांच्यावाचून अडत नाही. मग लशीच्याच विषाणूने शेडमध्ये फिरता फिरता तो तुकडा गाळून टाकला नसेल कशावरून?"

मी खुर्चीत बसले. मला वाईट वाटलं ते माझ्या घाईचं नाही. त्या खाटेवर बसलेल्या माणसाची सुटका एका वाक्याने परत लांब गेली याचं.

"तोंड काय पाडतेस?" मॅडम म्हणाल्या. "तुकडा एका झटक्यात गळू शकतो. पण अक्षरं एकेक करून बदलतात, त्याला काळ लागतो. राहिलेल्या भागातली अक्षरं वाचून घे. तुझी बाकीची लहान जनुकंही वाच. लशीचाच असेल तर तुटलेली जागा सोडून बाकी सगळं जवळपास जसंच्या तसं सापडेल."

अक्षरं वाचायला नमुने बाहेर पाठवावे लागायचे. ते दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच की बाबांचा रोज फोन यायचा आणि ते रोगाबद्दल काही न विचारता सांगायचे, आज चाचा दारात उभा होता. आज त्यानं चहा घेतला. आज नाही भेटला.

निकाल एका दुपारी ई-मेलवर आला. मी दोन्ही ओळी संगणकावर एकाखाली एक लावल्या. जिथे अक्षर जुळत नाही तिथे खालची खूण नाहीशी होते. मी तुटलेल्या जागेकडे बघितलंच नाही. बाकीच्या भागांकडे बघत गेले. पहिल्या सहायक जनुकातच खुणा गायब व्हायला लागल्या. मग दुसऱ्यात. मग पुढच्या भागात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सगळीकडे विखुरलेले फरक. असे फरक एका शेडमध्ये, एका हिवाळ्यात पडत नाहीत. हा विषाणू चाचांच्या बाटलीतून निघालेला नव्हता. तो आपला कुठूनतरी, कधीपासूनचा फिरत आलेला होता. पिल्लांच्या गाडीतून, खाद्याच्या पोत्यांवरून, पक्ष्यांबरोबर, कुणास ठाऊक.

ओळी पाहून मॅडमनी मान वर केली आणि त्या म्हणाल्या, "आता म्हण, लशीचा नाही." सीनियर परत आल्यावर काट्याचं जनुकही वाचलं. त्यानेही तेच सांगितलं. पण मी तोवर थांबले नव्हते, मॅडमच्या परवानगीने दुसऱ्याच सकाळी पांढरकवड्याला निघाले होते.

आधी चाचांकडे गेले. बाबा बरोबर होते. चाचा अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"चाचा, तुमच्या बाटलीतला नाही," मी म्हटलं. "वेगळा आहे. पक्का वेगळा."

ते खुर्चीत पुढे सरकले. "पक्का म्हणजे? तुह्या मॅडमबी म्हणते?"

"त्याबी म्हणते."

त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि ते तसेच धरून ठेवले. बाबा शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी चाचांच्या पाठीवर हात ठेवला. चाची आतून आल्या, दारातच उभं राहून पदराने डोळे पुसायला लागल्या. मग चाचा एकदम म्हणाले, "भूक लागली." आम्ही सगळेच हसलो. चाचींनी खिचडी टाकली.

जेवताना ते म्हणाले, "पण बेटा, मंग माही लस कामाची नाई निघाली काय?"

मी सांगितलं, या विषाणूच्या बऱ्याच जाती असतात आणि एका जातीची लस दुसरीला पूर्ण अडवत नाही. थोडंफार अडवलं असेल, नसती तर याहून जास्त कोंबड्या गेल्या असत्या कदाचित. पण ते मला खात्रीने सांगता येत नाही. त्यांना ते उत्तर आवडलं. "खात्री नाई ते नाई म्हणतेस, हे बरं," म्हणाले.

मग आम्ही मावशीकडे गेलो. चाचांना मी चला म्हटलं, पण ते फाटकाबाहेरच थांबले. मावशी गोठ्यात होती. मी तिला सांगायला लागले, तुटलेलं शेपूट, वेगळी अक्षरं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते छोटे जीन नसले तरी त्याले चालते म्हणते ना तू? मंग बाळगते कायले?"

"अंड्यात चालते. कोंबडीच्या अंगात शिरल्यावर तिच्या शरीराशी झगडावं लागते. तिथं त्याला ते कामी येत असतील, असं वाटते."

"वाटते?"

"अजून कोणालेच पूर्ण माहीत नाही, मावशी."

"आन् माह्यावाल्यात एकाचं शेपूट नाई. मंग तो जहाल का मवाळ?"

हा प्रश्न मला पुढे माझ्या तोंडी परीक्षेत विचारला गेला, जवळजवळ ह्याच शब्दांत. तेव्हाही मी तेच उत्तर दिलं, की नुसता तुकडा नाही यावरून जोर ओळखता येत नाही. तो तुकडा घालून आणि काढून, दोन्हींची तुलना करून बघावं लागेल.

मावशीने हात धुतले आणि विचारलं, "भाई कुठं आहे?"

"बाहेर उभे आहेत."

ती तशीच, ओल्या हातांनी फाटकाकडे निघाली. नेहमीसारखी भरभर, मी मागे पडले. फाटकाची दोरी सोडायला तिला वेळ लागला, गाठ ओली होती.

"भाई," ती म्हणाली, "मी त्या दिवशी घरातच होतो. बाहेर नाई आली."

"माहीत आहे," चाचा म्हणाले. "तुह्या चपला दारात होत्या."

"राग आला?"

"नाई. तुह्या जागी मी असतो तं मीबी नसतो आलो." मग ते शेडकडे बघून म्हणाले, "आता घरघर कमी झाली काय? इथून तं ऐकू नाई येत."

"तूच पाह्य ना आत जाऊन."

त्यांनी पायजमा वर खोचला, चपला काढल्या. मावशीने चुन्याचं पाणी ठेवलं होतं त्यात पाय बुडवले आणि आत गेले. सवयीने एक कोंबडी काखेत घेतली, तिचा गळा कानाशी लावला, डोळे मिटले. मग दुसरी. मग तिसरी. जाळीबाहेर शेजारीण आणि आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"साफ आहे," ते आतून ओरडले. "हीबी साफ आहे!"

गावातलं बोलणं लगेच थांबलं असं नाही. पण अधिकाऱ्यांनी ग्रामपंचायतीत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की रोग लशीतून आलेला नाही, आणि पुढच्या आठवड्यात ज्यांच्या शेड होत्या त्यांतलेच दोघे चाचांच्या दुकानात पिल्लांचं खाद्य मागायला गेले. चाचांनी दिलं. बाबा म्हणाले, चाचांनी त्या दोघांना चार शब्द सुनावले नाहीत, हीच चाचांची चूक. पण बाबा ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत होते.

मावशीच्या कोंबड्यांपैकी बऱ्याच सावरल्या. काहींनी परत नीट अंडी दिलीच नाहीत. हा विषाणू कोंबडीच्या अंडनळीचंही नुकसान करतो आणि ते कधीकधी कायमचं असतं. तिने पुढच्या खेपेला जुन्या आणि नव्या कोंबड्या एकत्र ठेवणं बंद केलं, दोन खेपांमध्ये शेड रिकामी ठेवून चुना मारायला लागली. दर वेळी ती फोन करून विचारायची, तो शेपूटतुट्या परत आला तर कसा ओळखायचा? मी म्हणायचे, तू फक्त मला कळव.

चाचा शेडमध्ये गेले त्या दिवशी मात्र काही विचारायचं उरलं नव्हतं. चाचा सायकलवरून आणि बाबा लुनावरून परत गेले. मावशीने ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. नको नको म्हणताना आणखी एक भाकर ताटात पडली. जेवून मी ओसरीवर चटई टाकली आणि जरा पडते म्हणून आडवी झाले. उठले तेव्हा अंगावर गोधडी होती, घरात दिवा लागला होता आणि नागपूरची शेवटची एसटी कधीच निघून गेली होती.